तुळशीरामजींचं तिसरं वाक्य

आमच्या गावातून चिखलीची मोटार सुटली की दवाखान्याच्या पायऱ्यांवरून एक माणूस तिच्यामागं धावत सुटे. अंगात खाकी कोट, धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातात औषधाची रिकामी बाटली आणि पायात एकच चप्पल, कारण दुसरी पायरीवरच राहिलेली असे. नव्या प्रवाशांना वाटे, बिचाऱ्याची मोटार चुकली. कंडक्टर नवा असला तर तोही घंटी मारून गाडी थांबवी. मग हा माणूस धापा टाकत खिडकीशी येई, आत डोकावून कुणा बाईला नाहीतर म्हाताऱ्याला शोधून काढी आणि म्हणे,

"नख लावाचं नाई!"

"हाव," आतून उत्तर येई.

"काय सांगतलं मी?"

"नख लावाचं नाई."

"कंडक्टरसाहेब, तुमी आयकलं ना? तुमी साक्षीदार."

सगळी मोटार हसे. मी मास्तर होतो ती शाळा थांब्यासमोरच होती. तिसरीच्या वर्गाच्या खिडकीतून हा देखावा आठवड्यातून दोनतीनदा दिसे, आणि पोरांबरोबर मीही हसे. गावात त्या माणसाला हसण्याचा हक्क सगळ्यांत कमी कुणाला असेल, तर तो मला होता. का, ते मी पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. ज्याला सांगायला पाहिजे होतं त्यालाही नाही. आता त्याला सांगून झालं आहे, म्हणून तुम्हालाही सांगतो. पण आधी माणूस कळला पाहिजे.

तुळशीरामजी हे आमच्या दवाखान्याचे कंपाउंडर. गाव अमडापूरच्या पुढं, रस्त्याला खेटून. राज्य नवंनवं झालेलं. शाळेच्या भिंतीवर नकाशा अजून जुनाच लटकत होता. डॉक्टर चिखलीहून मंगळवारी आणि शनिवारी येत. बाकीचे पाच दिवस दवाखाना म्हणजे तुळशीरामजी. ताप, खोकला, हगवण यांत त्यांचा जीव रमत नसे. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून ते त्यांची बोळवण करत. त्यांचा जीव पापणीत होता.

माणसाचा चेहरा ते पाहतच नसत. बाजारात कुणी रामराम केला की ते आधी डोळ्याजवळ वाकत. "कोन तो, बाबाराव का? नाई नाई, बाबारावची खालची पापनी लोंबते." नाव विसरत, पापणी विसरत नसत. एकदा तहसीलदार तपासणीला आले होते. तुळशीरामजींनी त्यांना नमस्कार करायच्या ऐवजी अंगठ्यानं त्यांची पापणी उलटी केली आणि म्हणाले, "साहेब, दोन घाने बंद आहेत तुमचे."

हे घाणे म्हणजे त्यांचं सगळं शास्त्र. मला त्यांनी ते पहिल्याच भेटीत समजावलं होतं.

"मास्तर, मानसाच्या पापनीत तेलाचे घाने आहेत. वरतं पंचवीस-तीस, खालतं थोडे कमी. एका ओळीत, पेरनी केल्यावानी. त्याइचं तोंड केसाच्या बुडापाशी. तिथून तेल येते म्हनून डोया वला राह्यते. तोंड बुजलं का तेल आतच साचते, थिजते, आन गाठ होते. आता सांगा, हिवाळ्यात तूप थिजलं तं तुमी काय करता?"

"चुलीपाशी ठेवतो."

"बस! का खिळ्यानं टोचता त्याले?"

गावात एक तेली होता, त्याचा खरोखरचा घाणा होता. त्याच्या पापणीवर गाठ आली त्या दिवशी तुळशीरामजींना सण झाल्यासारखं वाटलं. "घरचा चालते आन डोयातला बंद? काऊन बे, बैल मेला का इथला?" असं म्हणत त्यांनी त्याला सगळ्या गावातून हिंडवत दवाखान्यात नेलं.

रोगी आला की तुळशीरामजी तीन वाक्यं बोलत. चौथं नाही.

पहिलं विचारायचं: "दुखते का नाई दुखते?" दुखत असेल, लाल असेल, केसाच्या बुडाशी पिवळं टोक दिसत असेल, तर ती रांजणवाडी, शेकली की चार-सहा दिवसांत आपोआप वाहून जाते. दुखत नसेल आणि बोटाखाली मटराच्या दाण्यासारखी कातडीआड सरकत असेल, तर ती थिजलेल्या तेलाची गाठ. हळू येते, हळू जाते. बाया खारकेची बी उगाळून लावून येत. त्यांना ते म्हणत, "खारीक खाऊन घे, बी फेकून दे." आणि माणूस साठीपुढचा असला, गाठ एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असली, तिच्यावरचे केस झडलेले असले, तर तुळशीरामजी एकदम गप्प होत. त्याला ते शेकायलाही बसवत नसत. स्वतः चिठ्ठी लिहून, स्वतः मोटारीत बसवून बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं धाडत.

दुसरं वाक्य: "दहा मिन्टं शेका, दिवसातून चार डाव, आन मंग बोटानं केसाकडं हलक्या हातानं पुसा."

आणि तिसरं तुम्हाला ठाऊकच आहे.

दहा मिनिटं हीच मोठी पंचाईत होती. गावात घड्याळं मोजून पाच-सहा. तुळशीरामजींनी डॉक्टरांच्या घड्याळावर ताडून एक हिशेब बसवला होता: दोनापासून तिसापर्यंतचे पाढे, न घाई करता, एकदा म्हटले की बरोबर दहा मिनिटं होतात. दवाखान्याच्या ओसरीवर एक लांब बाक होता. त्यावर पाच-सहा माणसं डोक्यामागं भिंत, डोळ्यांवर गरम ओलं फडकं अशी ओळीनं बसलेली असत आणि मोठ्यानं पाढे म्हणत. शाळेतून ऐकू येई. आमचे हेडमास्तर म्हणत, "आपल्यापेक्षा ह्याचा वर्ग शिस्तीत चालतो."

ज्यांना पाढे येत नसत त्यांनी आपल्या सोयऱ्यांची नावं घ्यायची, माहेरची आधी, सासरची मागून. मोठ्या घरच्या बाया तर दहाची बारा मिनिटं करत. पाटलाघरची थोरली सून एकदा भाच्यांपर्यंत येऊन थांबली आणि फडक्याआडून म्हणाली, "भाऊ, आता तुमी घ्या तुमच्या सोयऱ्याइची नावं."

तुळशीरामजी फडकं पिळत होते. "देऊळगाव राजाले बहीन," ते म्हणाले. "तिचा पोरगा. बहिनीची नणंद होती, ते मेली."

"मंग?"

"झालं."

"एवढ्यातच? तुमची गाठ तं कच्चीच राह्यली असती, भाऊ!"

बाक हसला. तुळशीरामजीही हसले आणि पाणी आणायला आत गेले. त्यांची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच वारली होती. दुसरं लग्न त्यांनी केलं नव्हतं.

त्यांची आणखी एक रीत सांगायची राहिली. कढत पाण्यातून काढलेलं फडकं पिळलं की ते आधी स्वतःच्या मिटल्या पापणीला लावत. चटका बसला तर त्यांना बसायचा. मगच ते रोग्याच्या डोळ्यावर ठेवत. दिवसातून शंभर वेळा असेल, पण एकदाही त्यांनी ते चुकवल्याचं मी पाहिलं नाही.

आता माझं.

मी चोवीस वर्षांचा होतो. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर हरभऱ्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती. बारा दिवसांनी मला बुलढाण्याला मुलगी पाहायला जायचं होतं. तुळशीरामजींनी गाठ पाहिली आणि म्हणाले, "महिना लागन."

"बारा दिवसांत नाही का जाणार?"

"मंग गाठीसगट जा. पोरीले डोया दिसन, गाठ नाई दिसनार." लग्नाचं ऐकून ते इतके खुलले, की मुलगी कुणाची, शिकली किती, बाप काय करतो, हे सगळं त्यांनी फडकं बदलता बदलता विचारून घेतलं. तिसरं वाक्य त्यांनी बाकावरच सांगितलं. मी निघालो तेव्हा दारात येऊन पुन्हा म्हणाले, "मास्तर, लगीन म्हनून घाई करसान. नख लावाचं नाई." मी चप्पल घालत होतो. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. इतकं मला स्वच्छ आठवतं.

चार दिवस मी शेकलं. पाचव्या दिवशी सकाळी दाढीचा आरसा खिडकीत टेकवला आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांत ती गाठ धरली.

दुसऱ्या दिवशी डोळा उघडेना. तिसऱ्या दिवशी ताप. हेडमास्तरांनी मला मोटारीत घालून बुलढाण्याला नेलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पू काढला, पट्टी बांधली. बातमी कशी गेली कोण जाणे, होणारे सासरे कचेरीतून तडक आले आणि हातात चार मोसंब्या घेऊन माझ्या उशाशी उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच विचारलं,

"नखानं फोडलीत?"

"हो."

"शिकलेले दिसता. गावात कुणी सांगितलं नव्हतं, हात लावू नका म्हणून?"

मी मोसंब्यांकडं पाहत होतो. हो म्हटलं असतं, तर सांगितलेलं न ऐकणारा, उतावळा, आणि वर मास्तर. असा जावई कोण करील?

"नाही," मी म्हणालो. "कुणी काही सांगितलं नाही."

"खेड्यातले दवाखाने!" सासरे म्हणाले, आणि एक मोसंबी सोलायला लागले.

डॉक्टरांनी आमच्या दवाखान्यासाठी कागद लिहून दिला. औषधांच्या खाली एक ओळ होती: गाठ दाबू नये अशी सूचना रोग्यास देण्यात आली नव्हती, यापुढे द्यावी. तो कागद मीच गावी घेऊन आलो. वाटेत खिडकीतून सोडून देता आला असता.

शनिवारी आमच्या डॉक्टरांनी ती ओळ सगळ्या रोग्यांसमोर मोठ्यानं वाचली.

"मी सांगतलं होतं, साहेब," तुळशीरामजी म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "सांगतलं होतं ना, मास्तर?"

मी मान खाली घातली.

डॉक्टर म्हणाले, "यापुढं डोळ्याला हात लावायचा नाही. औषध द्यायचं आणि गप्प बसायचं." त्याच दिवशी बाक ओसरीवरून काढून मागच्या पडवीत टाकला.

रविवारी सकाळी तुळशीरामजी माझ्या खोलीवर आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मास्तर, चुकी झाली," ते म्हणाले. "मी लय इच्यार केला. मले वाटे का मी सांगतलं. दारात बी सांगतलं असं वाटे. पन तुमी कायले खोटं बोलसान? माह्याच ध्यानातून गेलं असन. तुमच्या लग्नाच्या गोष्टीत राह्यलं."

त्यांनी हळूच माझी पट्टी वर केली. बराच वेळ पापणी पाहिली. "इथं आता केस येनार नाईत," ते म्हणाले. "माह्यामुळं."

"जाऊ द्या हो, तुळशीरामजी," मी म्हणालो. "होतं कधीकधी."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. खोटं मी बोललो, आणि माफही मीच केलं. तेही खुर्चीत बसून, ते उभे असताना.

लग्न झालं. एका डोळ्यानं पाहून केलेली बायको म्हणून घरात अजून थट्टा होते. दोन-तीन महिन्यांत लोकांनीच डॉक्टरांच्या मागं लागून बाक पुन्हा ओसरीवर आणवला, पाढे पुन्हा सुरू झाले. आणि त्यानंतर तुळशीरामजी धावायला लागले.

आधी ही सवय त्यांना नव्हती. तिसरं वाक्य ते पूर्वी एकदा, फार तर दोनदा म्हणत. आता बाकावर तीनदा, औषधाच्या खिडकीत एकदा, दारात एकदा, आणि एवढं करून रोगी मोटारीत बसला की त्यांना शंका येई: सांगितलं का? की सांगितलं असं नुसतं वाटतंय? मग चप्पल पायरीवर टाकून ते सुटत. स्वतःच्या आठवणीवर भरवसा राहिला नव्हता, म्हणून साक्षीदार लागत. एका रविवारी शेजारच्या गावची कुणी बाई आठवली, तर सायकल काढून थेट तिच्या शेतावर गेले. पऱ्हाटीत पंधरा-वीस बाया कापूस वेचत होत्या. ती कोणती, हे लांबून कळेना, कारण पापणी दिसत नव्हती. हे बांधावर उभे राहून ओरडले, "नख लावाचं नाई!"

"हाव भाऊ, नाई लावत!" सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या. गाठ एकीलाच होती.

ही गोष्ट गावात वर्षभर पुरली. कंपाउंडर म्हातारपणानं चळला, असं लोक म्हणत. मी खिडकीतून पाही, आणि पोरांना म्हणे, "चला, पाटीवर लक्ष द्या."

मग माझी बदली झाली. ते निवृत्त होऊन बहिणीच्या आधारानं देऊळगाव राजाला गेल्याचं कानावर आलं. दरवर्षी दिवाळीत वाटे, यंदा जाऊन सांगू. दरवर्षी काही ना काही कारण मिळे.

या हिवाळ्यात माझ्या त्याच पापणीवर, केस नसलेल्या जागेच्या बाजूला, गाठ आली. बायको म्हणाली, बुलढाण्याला दाखवून या. मी देऊळगाव राजाच्या मोटारीत बसलो.

बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत त्यांची खोली होती. बहीण वारली होती, भाचा जालन्याला. दार उघडून तुळशीरामजी माझ्या तोंडाकडं कोऱ्या नजरेनं पाहत राहिले. मग सवयीनं वाकले, पापणीजवळ आले.

"मास्तर!" ते म्हणाले.

सत्तरीला आले असतील, पण बोट तेच. गाठ सरकवून पाहिली. "दुखते का नाई दुखते?"

"नाही."

"जुनी जागा नाई हे. बाजूचा घाना आहे. केस शाबूत आहेत. महिनाभर शेका. नाई गेली तं बुलडान्याले जा, पापनी उलटी करून आतून चीर देतात, वरतून दिसत बी नाई." मग तिसरं वाक्य. मग पुन्हा तिसरं वाक्य. मग दारात जाऊन समोरच्या बाईला हाक मारली: "ओ वहिनी, मी याइले सांगून राह्यलो, नख लावाचं नाई. आयकलं ना?"

"आयकलं हो, आयकलं," ती सुपानं धान्य पाखडता पाखडता म्हणाली. तिला रोजचंच असावं.

त्यांनी शेगडीवर पाणी ठेवलं. मला खाटेवर निजवलं. फडकं डोळ्यांवर आलं, ऊब आत उतरली. "हं, म्हना," ते म्हणाले.

मी दोनापासून सुरुवात केली. डोळे झाकलेले असले की माणसाला बरंच काही बोलता येईल असं वाटतं; तरी पंधरापर्यंत मला धीर झाला नाही.

"सोळा एके सोळा. सोळ दुणे बत्तीस. सोळ त्रिक अठ्ठेचाळीस. सोळ चोक चौसष्ट. सोळा पंचे ऐंशी."

मी थांबलो.

"काऊन? मास्तर असून सोळाचा पाढा इसरले का?"

"तुळशीरामजी," मी म्हणालो, "तुम्ही मला सांगितलं होतं."

"काय?"

"नख लावायचं नाही म्हणून. दोनदा सांगितलं होतं. एकदा बाकावर, एकदा दारात. मी चप्पल घालत होतो. मी खोटं बोललो."

शेगडीवर पाण्याचा आवाज होत होता. गल्लीतून धान्य पाखडल्याचा. त्यांनी माझ्या डोळ्यांवरचं थंड झालेलं फडकं उचललं. मी डोळे उघडले नाहीत. पाण्यात बुडवल्याचा आवाज आला, पिळल्याचा आला. नेहमीपेक्षा खूप उशिरानं ते माझ्या पापण्यांवर आलं. जेमतेम कोमट होतं. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांवर ते फार वेळ राहिलं असावं.

"'मास्तर, लगीन म्हनून घाई करसान,'" ते सावकाश म्हणाले. "असंच म्हटलं होतं ना मी?"

"असंच."

"मले आठवे. शबद न् शबद आठवे. पन वाटे, ते मी मनातच म्हटलं असन."



"पंधरा वर्सं धावलो मी, मास्तर," ते म्हणाले. आवाजात राग होता की नाही, मला खात्रीनं सांगता येत नाही. असला तर तो त्यांचा हक्क होता. त्यांनी फडक्याचा कोपरा सारखा केला. "सोळ सक?"

"शहाण्णव."

"म्हना पुढं. गाठ कच्ची राह्यन."

मी तिसापर्यंत म्हणालो. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

दुपारी ते मला मोटारीपर्यंत सोडायला आले, काठी टेकत. वाटेत पापण्यांखेरीज इतर गोष्टी बोलले: पाण्याच्या, भाच्याच्या, माझ्या पोरांच्या. पोरं किती, त्यांची नावं काय, ते विचारून घेतलं. मी खिडकीशी बसलो. ते खाली उभे होते. ड्रायव्हरनं मोटार चालू केली आणि मी वाट पाहू लागलो.

ते काही बोलले नाहीत. मोटार हलली, तरी नाही.

मग मीच खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि शाळेतल्या आवाजात ओरडलो, "कंडक्टरसाहेब, तुम्ही साक्षीदार! यांनी मला सांगितलं आहे, नख लावाचं नाई!"

सगळी मोटार हसली. "कोन लावून राह्यलं नख?" कंडक्टरनं विचारलं आणि घंटी मारली.

मी मागं वळून पाहिलं. धूळ बसल्यावर तुळशीरामजी दिसले. दोन्ही पायांत चपला होत्या. ते धावत नव्हते. होते तिथंच उभे होते.